पोराला ३० पैकी २२ पडले, आता काय करू?

मागच्या अंकात मोबाईल आणि मुलं यावर छोटं टिपण लिहिलं होतं, त्यात शेवटी एक ओळ सहज टाकली की सोशल मीडियाचं व्यसन मोजायच्या प्रश्नावल्या हल्ली फिरतायत, जरा जपून. झालं. बाकीचं टिपण कुणी वाचलं की नाही देव जाणे पण त्या एका ओळीवर पत्रं आली, मेसेज आले, एकांनी तर मंडईत भाजी घेताना गाठलं. मी तीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्रीय चाचण्या आणि त्यांचं स्टॅटिस्टिक्स शिकवलं, तेव्हा मागच्या दोन बाकांवर कुणी जागं नसायचं, आणि आता रिटायर झाल्यावर अख्खं पुणं विचारतंय. चालायचंच. नावं कुणाचीच छापत नाहीये, आणि एकसारखे प्रश्न होते त्यातला एकेकच घेतलाय.

प्रश्न: मॅडम, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक लिंक आली होती, सहा प्रश्न होते फक्त. मुलगा अकरावीला आहे. भरलं तर ३० पैकी २२ आले आणि खाली लाल अक्षरात हाय रिस्क असं आलं. मला दोन रात्री झोप नाही. मिस्टरांनी वायफायच बंद करून टाकलंय आणि मुलगा आमच्याशी बोलत नाहीये. खरंच व्यसन लागलंय का त्याला? – एक आई, धनकवडी

ताई, आधी वायफाय चालू करा, मग पुढचं वाचा.

तुम्ही 'भरलं तर २२ आले' असं लिहिलंत म्हणून मी उलट मेसेज करून विचारलं की भरलं कुणी, तर तुम्ही म्हणालात मीच, तो क्लासला गेला होता तेव्हा. इथेच सगळं आलं बघा. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमधले प्रश्न मी ओळखले, ते नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठातले आहेत. सेसिली आंद्रेआसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ही पट्टी, म्हणजे मोजायची प्रश्नावली, फेसबुकसाठी केली, तेव्हा फेसबुक म्हंजेच सगळं होतं, आणि २०१६ मध्ये फेसबुक शब्द काढून तिथे सोशल मीडिया घातलं. सहा प्रश्नांमागचे सहा मुद्दे मार्क ग्रिफिथ्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचे, त्याने ते २००५ मध्ये मांडले, त्याचं म्हणणं असं की दारू असो जुगार असो की अजून काही, व्यसन म्हटलं की हे सहा सापडलेच पाहिजेत. मन सारखं तिथेच असणं, दिवसेंदिवस जास्त जास्त लागणं, आपला त्रास विसरायला तिकडे वळणं, कमी करायचं ठरवून न जमणं, मिळालं नाही की अस्वस्थ होणं, आणि त्यापायी अभ्यास किंवा काम बिघडणं. प्रत्येकाला गेल्या वर्षभराचा विचार करून १ ते ५ मार्क द्यायचे, म्हणून कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ३०.

आता यातले पहिले चार परत वाचा. पोराचं मन कुठे आहे, तो कशाचा त्रास विसरायला रील बघतो, कमी करायचं त्याने मनात कितीदा ठरवलं, हे तुम्हाला कसं दिसणार? तुम्हाला दिसते चिडचिड आणि दिसतो अभ्यास. तिथे तुम्ही ५ आणि ५ दिले असणार आणि बाकीचे अंदाजपंचे. ही चाचणी ज्याची त्याने भरायची आहे, आईने भरली की ती आईच्या काळजीची चाचणी होते, आणि २२ हा स्कोअर मग तुमचा आहे, त्याचा नाही. रागावू नका, मी पण आई आहे.

दुसरं म्हणजे कटऑफ. पुण्यात कटऑफ म्हटलं की अकरावीचं ऍडमिशन डोळ्यासमोर येतं आणि ते बरंच आहे, कारण इथेही तसंच, कॉलेज बदललं की कटऑफ बदलतो. हंगेरीत देशभरातल्या शाळकरी मुलांवर याच पट्टीचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये छापून आला, तिथे १९ ला रेघ मारली आणि साडेचार टक्के मुलं वर निघाली. नंतर चीनमधल्या अभ्यासात २४ ची रेघ सुचवली गेली. म्हंजे २२ वाला हंगेरीत धोक्यात आणि चीनमध्ये ठीकठाक. धनकवडीसाठी त्या लिंकवाल्याने कुठली रेघ धरली ते त्याने कुठेही लिहिलेलं नाही, मी शोधलं. ही पट्टी आधी फेसबुकची होती तेव्हा करणाऱ्यांनी स्वतः अजून एक नियम सुचवला होता, की सहापैकी निदान चार प्रश्नांना ३ किंवा जास्त हवेत. आता बघा, एकाने तीन प्रश्नांना ५ आणि तीन प्रश्नांना १ दिला, बेरीज १८. दुसऱ्याने सगळीकडे ३ दिले, त्याचीही बेरीज १८. पहिला या नियमात सुटला, दुसरा अडकला. बेरजेवर एवढा विश्वास ठेवू नये तो यासाठी.

आणि तुमचा नेमका प्रश्न, व्यसन लागलंय का. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली त्यात गेम खेळण्याचा विकार आहे, सोशल मीडियाचं व्यसन नावाचा आजार नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या पुस्तकातही इंटरनेट गेमिंग आलं ते 'अजून अभ्यास हवा' या प्रकरणात, सोशल मीडिया तिथेही नाही. म्हणजे हे निदान कुठला डॉक्टरसुद्धा फॉर्मवरून करून देऊ शकत नाही, लाल अक्षरं तर सोडाच. पण म्हणून पोराला काहीच होत नाहीये असंही मी म्हणत नाहीये हं. एवढं बघा, गेल्या सहा महिन्यांत त्याने काय सोडलं. क्रिकेटला जायचा, जात नाही? मित्र घरी यायचे, येत नाहीत? झोप रात्री दोनवर गेली? जेवायला ताटावर येतो का खोलीत नेतो? यातलं दोन-तीन एकदम झालं असेल आणि अकरावीच्या दडपणाने झालंय असंही वाटत नसेल तर समुपदेशकाकडे जा, फॉर्म न घेता. यातलं काहीच नसेल तर तो अकरावीतला मुलगा आहे इतकंच.

प्रश्न: नमस्कार. वय ७४, बँकेतून निवृत्त. नातू रोज सहा तास मोबाईलवर असतो असे सुनेचे म्हणणे. किती तासांच्या पुढे व्यसन समजावे याचा स्पष्ट आकडा द्यावा. उगाच लांबण नको. – सहकारनगर

आकडा नाही. लांबण नको म्हणालात म्हणून एका शब्दात संपवलं असतं पण थोडं सांगते.

वर ज्या पट्टीबद्दल लिहिलं तिच्यात तासांचा प्रश्नच नाहीये, एकही नाही, आणि ते विसरलेत म्हणून नाही. गाडीचं किलोमीटर बघून ड्रायव्हर पिऊन चालवतो का ते कळतं का? तसंच आहे. शिवाय तास सांगणारा माणूस बरोबर सांगतो का हाच मोठा घोळ आहे. लोक तोंडी जे सांगतात आणि फोनने आत जे मोजलेलं असतं ते शेजारी शेजारी ठेवून बघणारे बरेच अभ्यास झाले, २०२१ मध्ये ते सगळे एकत्र करून तपासले गेले, तर दोन्हींचा मेळ जेमतेमच निघाला, कुणी जास्त सांगतं कुणी कमी. आणि इथे तर नातू सांगतच नाहीये, सूनबाई सांगतायत.

बरं फोनमधलं स्क्रीन टाईम बघा म्हणावं तर त्यातही गोम आहे. क्लासचा व्हिडिओ, गूगल मॅप लावून कात्रजपर्यंत गेला तो वेळ, गाणी लावून फोन टेबलावर पडलाय तो वेळ, सगळं एकाच बेरजेत. ऍपनुसार उघडून बघितलं तर जरा अर्थ लागतो. तासांचं आणि मनःस्वास्थ्याचं नातं किती यावर तेव्हा ऑक्सफर्डमध्ये असलेल्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांवर किशोरवयीन मुलांची माहिती तपासली होती, २०१९ मध्ये, त्यांचं उत्तर असं की एका मुलाच्या आणि दुसऱ्या मुलाच्या बरं वाटण्यात जो फरक असतो त्यातला ०.४ टक्का डिजिटल वापराने सांगता येतो. अर्धा टक्काही नाही. याच्यावर वाद झाले, अजून होतात, मला स्वतःला वाटतं की सरासरीत त्रास होणारी थोडी मुलं बुडून जातात. पण तासांचा आकडा मागणाऱ्यांनी हे माहीत असलेलं बरं.

आकडाच हवा असेल तर काका, नातवाचे झोपेचे तास मोजा. तो आकडा उपयोगी आहे. आणि बँकेतल्या सवयीने दोन्ही बाजू लिहायच्या असतील तर तुमचं सकाळचं गुड मॉर्निंग फॉरवर्ड किती वेळ चालतं तेही एका रकान्यात लिहा.

प्रश्न: मॅम मी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे आणि ढोल वाजवते. कॉलेजमध्ये आमच्याकडून तो सहा प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला. मी गंमत म्हणून सोशल मीडियाच्या जागी पथक टाकून परत भरला तर २६ आले. सोशल मीडियाचे १७ होते. म्हणजे मला ढोलाचं व्यसन आहे का. आई म्हणते हो आहेच. – वारजे

तुझा मेसेज वाचून मी मोठ्यांदा हसले, आणि मग म्हटलं की या पोरीने चाचण्यांच्या पेपरातला सगळ्यात अवघड प्रश्न बरोबर सोडवलाय, आणि तेही इंजिनिअरिंगला बसून.

एक एक बघू. जुलै लागला की मन सारखं पथकात? हो. रोज जरा जास्त वेळ सराव हवा? हो, आधी तासभर मग नदीपात्रात रात्री दहापर्यंत. घरचं टेन्शन विसरायला ढोल? अर्थात, त्याच्यासारखं औषध नाही. कमी करायचं ठरवून जमत नाही? दरवर्षी 'यंदा शेवटचं' म्हणणारे मला निदान पाच जण माहीत आहेत. सराव बुडाला की चिडचिड? विचारूच नकोस. अभ्यासावर परिणाम? इथे तू खरं सांग. तुझे २६ मला अजिबात आश्चर्याचे वाटत नाहीत, विसर्जनाच्या आदल्या आठवड्यात भरला असतास तर ३० पडले असते.

हीच खोडी ब्रिटनमधल्या संशोधकांनी जरा गंभीर चेहऱ्याने केली होती. सोशल मीडियाच्या व्यसनाच्या प्रश्नावलीत सोशल मीडियाच्या ठिकाणी 'प्रत्यक्षातले मित्र' असं घालून एक नवी प्रश्नावली बनवली आणि शेकडो लोकांकडून भरून घेतली, नेहमीचाच नियम लावला, तर ६९ टक्के लोक मित्रांचे व्यसनी निघाले. २०२० साली हे छापून आलं. म्हणजे कट्ट्यावर रोज बसणारं निम्म्याहून जास्त पुणं कामातून गेलं म्हणायचं. मित्रांचं व्यसन म्हणून कुणाला ऍडमिट करा असं त्यांना म्हणायचं नव्हतं, म्हणायचं होतं ते हे की हे प्रश्न आवडीला आणि व्यसनाला एकाच मापाने मोजतात. याच्या आधी २०१५ मध्ये जोएल बिलियू आणि इतर संशोधकांनी असाच सवाल टाकला होता की जगण्यातल्या रोजच्या गोष्टींना आपण आजार ठरवत सुटलोय का, म्हणजे काहीही घ्या, दारूचे निकष त्याला लावा, फॉर्म छापा, आणि झालं नवीन व्यसन तयार.

गंमत म्हणजे या सगळ्याची सुरुवातच थट्टेतून झाली. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी १९९५ मध्ये आजारांच्या जाडजूड पुस्तकाची टर उडवायला इंटरनेटच्या व्यसनाची खोटीच लक्षणं लिहून ठेवली होती आणि लोक त्यांना खरंच लिहायला लागले की डॉक्टर मला हे झालंय. त्याच सुमाराला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी मात्र मनापासून जुगाराच्या निकषांवरून इंटरनेटसाठी प्रश्न केले आणि १९९८ मध्ये त्यांची वीस प्रश्नांची चाचणी आली, ती अजून वापरतात. जुगाराचं माप इंटरनेटला, इंटरनेटचं फेसबुकला, फेसबुकचं सगळ्या सोशल मीडियाला. एकाचे कपडे दुसऱ्याला आल्टर करून घालत आलोय आपण.

पण आता तुझी दुसरी बाजू. सहा प्रश्न सारख्या वजनाचे नाहीत असं माझं मत आहे. मन तिथेच असणं आणि जास्त जास्त हवंसं वाटणं हे आवडीतही होतं, प्रेमात पडल्यावर तर होतंच. नको असताना थांबता न येणं आणि त्यापायी दुसरं काही मोडणं, हे दोन मुद्दे मी आधी बघते. पथकातून येताना तू दमलेली असतेस पण चार माणसांत असतेस आणि अनंतचतुर्दशीला ते संपतं. रात्री दीडला रील बघताना 'हे मला नकोय' असं वाटत वाटत अंगठा चालूच राहतो, तो अनुभव वेगळा आहे. तुझे १७ कुठून आले ते बघ, या दोनमधून आले असतील तर त्याच्याकडे लक्ष दे. ढोलाच्या २६ बद्दल आईशी माझं नाव सांगून भांडू नकोस मात्र, तुझे बॅकलॉग किती ते तू लिहिलेलं नाहीस.

प्रश्न: एमए मानसशास्त्राला आहे. डिझर्टेशनसाठी पुण्यातल्या १५ ते १८ वयाच्या मुलांमधलं सोशल मीडिया व्यसनाचं प्रमाण काढायचं आहे. गाईड म्हणाले स्केल मराठीत कर, २०० फॉर्म भरून घे, टक्केवारी काढ. गूगल फॉर्म मैत्रिणींच्या भावंडांना पाठवणार आहे. काही टिप्स द्याल का.

टिप्स देते, गाईडना दाखवू नकोस.

फॉर्मच्या डोक्यावर 'सोशल मीडिया व्यसन चाचणी' असं लिहू नकोस. इंग्रजीत ऍडिक्शन हा शब्द पोरं चहाबद्दल, सिरीयलबद्दल सहज वापरतात. मराठीत व्यसन म्हटलं की दारू, गुटखा, येरवड्याचं मुक्तांगण. घरात 'याला व्यसन आहे' हे वाक्य दबक्या आवाजात बोललं जातं. तो शब्द वर दिसला की साताठ मार्क कमीच पडतील किंवा एखादा मुद्दाम फुशारकीने वाढवेल. 'सोशल मीडियाचा वापर' एवढंच लिही.

भाषांतर एकीने करायचं, दुसरीने मूळ न बघता परत इंग्रजीत न्यायचं, मग दोन्ही शेजारी ठेवून भांडायचं. खरी मजा पर्यायांत येते. बर्गेनच्या पट्टीत पहिलाच पर्याय 'फार क्वचित' असा आहे आणि दुसरा 'क्वचित', 'कधीच नाही' हा पर्यायच नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने हे मराठीत केलं होतं तेव्हा मुलांनी तिला विचारलं मॅडम क्वचितमध्ये आणि फार क्वचितमध्ये किती दिवसांचा फरक, तिला सांगता येईना, मलाही आलं नसतं. आधी दहाबारा मुलांसमोर बसून त्यांना मोठ्याने विचार करत फॉर्म भरायला लाव, कुठे अडखळतात ते लिहून काढ. 'अस्वस्थ वाटतं' याचा अर्थ एकाने पोट बिघडणं असा घेतला होता, खोटं नाही सांगत.

मैत्रिणींची भावंडं म्हणजे पुण्यातली मुलं नव्हेत. ती कोथरूड आणि बाणेरची, स्वतःचा फोन असलेली आणि गूगल फॉर्म भरणारी मुलं. घरात तिघांत एक फोन आहे आणि तो बाबांबरोबर कामावर जातो अशी मुलं तुझ्या २०० मध्ये नसतील. असर म्हणून मुलांच्या शिक्षणाची पाहणी असते, तिचा २०२४ चा ग्रामीण भागाचा अहवाल बघ, १४ ते १६ वयाची ८२ टक्क्यांवर मुलं स्मार्टफोन वापरता येतो म्हणाली, आणि त्यातल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. पण फोन वापरता येणं वेगळं आणि तो आपल्या हातात दिवसभर असणं वेगळं.

म्हणून 'पुण्यात इतके टक्के मुलं व्यसनी' हे वाक्य लिहूच नकोस. सरासरी दे, स्कोअर कसे पसरलेत ते दे, मुलं-मुली वेगळं दे, सहा प्रश्नांचं वेगवेगळं दे. आकडे किती हलतात बघ, डच संशोधकांनी २०१६ मध्ये नऊ हो-नाही प्रश्नांची पट्टी केली, तीच पट्टी युरोप, मध्य आशिया आणि कॅनडातल्या ४४ देशांत ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांना लावली, नऊपैकी सहा किंवा जास्त हो आले की वापर त्रासदायक धरला, तर २०१८ ला ७ टक्के आणि २०२२ ला ११ टक्के आले, मुली १३ आणि मुलगे ९. इथे निदान एकच पट्टी दोनदा लावली आहे म्हणून वाढ झाली म्हणता येतं. तू बर्गेन लावून १८ टक्के आणलेस आणि शेजारी हे ११ ठेवून 'पुणे युरोपच्या पुढे' असं लिहिलंस तर वर्तमानपत्रात छापून येईल आणि मी इथे डोकं धरून बसेन.

अल्फा म्हणजे प्रश्नांचा आपसातला मेळ सांगणारा आकडा, तो ०.८ आला की सगळे नाचतात. त्याचा अर्थ इतकाच की सहा प्रश्न एकमेकांशी जुळून बोलतायत. ते व्यसनाबद्दल बोलतायत की आवडीबद्दल ते अल्फा सांगत नाही, ते वारज्याच्या ढोलवालीला विचार.

आणि संमती विसरू नकोस. १८ च्या खालची मुलं आहेत, पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार दोन्ही लागतात, आयसीएमआरच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेच्या, २०१७ च्या नियमावलीत आहे. मैत्रिणीने भावाला 'भर रे पटकन' म्हणणं म्हणजे होकार नव्हे.

प्रश्न: राज्यसेवेची तयारी करतोय, नवी पेठेत अभ्यासिका लावलीय. इन्स्टा काढून टाकलंय दोन वर्षं झाली. पण टेलिग्रामला ४० च्या वर ग्रुप आहेत, नोट्स, चालू घडामोडी, कटऑफचे अंदाज, सगळं तिथेच येतं त्यामुळे सोडता येत नाही. दिवसाला तीन-साडेतीन तास जातात. हे सोशल मीडियात मोजायचं का अभ्यासात?

मित्रा, तुझा प्रश्न कुठल्याच चाचणीत बसत नाही आणि म्हणून मला तो सगळ्यात आवडला. चाचणीत 'सोशल मीडियामुळे अभ्यासावर परिणाम' असं विचारतात, आणि तुझा अभ्यासच सोशल मीडियाच्या पोटात आहे.

मग फॉर्म सोडून दे, वही घे. एक आठवडा, दर वेळी टेलिग्राम उघडताना कशासाठी उघडलं ते दोन शब्दांत लिही, आणि बंद करताना काय करत होतास ते लिही. 'भूगोल नोट्स' लिहून उघडलं आणि 'आयोगावर राग' लिहून बंद केलं असं दिवसात किती वेळा होतं ते मोज. तेच तुझं माप. माझ्या ओळखीत एकाने हे केलं होतं, तीन दिवसांतच वही बंद केली, म्हणाला लिहायची लाज वाटते म्हणून उघडणंच कमी झालं. हा मोजमापाचा जुना दोष आहे, मोजायला लागलं की माणूस सुधारतो आणि संशोधकाचा डेटा बिघडतो. तुला डेटाशी काय करायचंय.

आणि ४० ग्रुपांत त्याच नोट्स फिरतात रे. चार ठेव.

प्रश्न: मी शाळेत शिकवते. पिंपरीच्या बाजूला. मुख्याध्यापकांच्या मनात आहे की आठवी ते दहावी सगळ्यांची टेस्ट घ्यायची आणि ज्यांचा स्कोअर जास्त त्यांच्या पालकांना पालकसभेत बोलवून सांगायचं. हेतू चांगला आहे त्यांचा. मला बरोबर वाटत नाही पण का ते सांगता येत नाहीये.

बाई, हे गणिताने सांगा, मुख्याध्यापक गणिताचे असतील तर उत्तमच. आकडे मी समजावण्यापुरते धरते. समजा शाळेत १००० मुलं, त्यातल्या ५० ना खरोखर त्रास आहे. फॉर्म चांगला आहे असं धरू, त्या ५० मधले ४० पकडतो. उरलेल्या ९५० पैकी दहा टक्क्यांवर चुकून शिक्का मारतो, म्हणजे ९५. सभेला किती पालक बोलावणार? १३५. त्यातले खरे किती? ४०. म्हणजे दहा पालकांतले सात उगाच मान खाली घालून घरी जाणार, त्या पोरांना घरी काय होईल ते तुम्हाला मला माहीत आहे, आणि खरे दहा तर सुटलेच. फॉर्म वाईट म्हणून हे होत नाही हं, त्रास असलेले थोडे आणि नसलेले ढीगभर असले की चांगल्या फॉर्मचंही असंच होतं.

शिवाय एकदा पालकसभा झाली की पुढच्या वर्षी सगळी शाळा ६ मार्क आणेल. पोरं शहाणी असतात.

करायचंच असेल तर बिननावाचे फॉर्म घ्या, वर्गाचा अंदाज घ्या, आणि झोप, अभ्यास, कुणी ऑनलाईन त्रास देतंय का असे साधे प्रश्न जोडा. नाव घालून घेतले तर ते समुपदेशकाकडेच राहिले पाहिजेत आणि पुढे मुलाशी एकट्याने बोलणं झालंच पाहिजे, बोलायला माणूस नसेल तर फॉर्म घेऊच नये. जास्त स्कोअरच्या मागे कित्येकदा वेगळंच काही असतं, घरातली भांडणं, वर्गातली चिडवाचिडवी, उदासी, आणि फोन ही त्यातल्या त्यात स्वस्त पळवाट असते. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं, तो नंबर नोटीस बोर्डावर लावा. तंत्रज्ञानाच्या वापरासाठी म्हणून वेगळी ओपीडी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २०१४ पासून चालते, तिथे फॉर्म भरून घेतात तो बोलण्याची सुरुवात म्हणून, शिक्का मारायला नाही. हे मुख्याध्यापकांना सांगून बघा, हेतू चांगला आहे म्हणताय तर ऐकतील.

प्रश्न: मी नववीत आहे. माझी मम्मी दिवसभर रील बघते आणि मलाच बोलते. मोठ्यांसाठी पण टेस्ट असते का. प्लीज माझं नाव छापू नका. – बिबवेवाडी

असते की! हीच. बर्गेनवाल्यांनी २०१६ ला ती लावली तेव्हा तेवीस हजारांवर लोकांनी भरली होती, आणि ती १६ ते ८८ वयाची होती, बहुतेक मोठी माणसं. म्हणजे मूळची ती बहुतांशी मोठ्यांवर तपासलेली, मुलांकडे नंतर आली. मम्मीला हा अंक वाचायला दे, चहा झाल्यावर दे, आणि सहा प्रश्न वहीत उतरवून ठेव.

फक्त तिच्या वतीने तू भरू नकोस. धनकवडीच्या काकूंनी तेच केलं होतं.